अँबॅसिडर, पद्मिनी आणि पोर्चमधली एक जागा

नागपुरात बेसाला आमचं घर आहे, आणि त्याच्या पोर्चमध्ये दोन गाड्या मावतात. गेल्या मार्चमध्ये आमच्याकडे तीन झाल्या.

पहिली माझी. चंदेरी, ऑटोमॅटिक, दीड वर्षाची, समोर छोट्या टीव्हीएवढा पडदा असलेली. पट्टा लावला नाही तर ती रागावते, दार नीट लागलं नाही तर रागावते, मागे काही दिसलं तर किंचाळते. (घरात मला रागावणाऱ्यांची टंचाई होती असं अजिबात नाही.)

दुसरी बाबांची पद्मिनी, बदामी रंगाची. आई-बाबा सदरचं जुनं घर सोडून आमच्याकडे कायमचे राहायला आले, तेव्हा बाबा ही गाडी स्वतः चालवत आणणार होते. ते सामानाच्या टेम्पोच्या आधी निघाले आणि टेम्पोच्या दीड तास नंतर पोचले. वाटेत गाडी बंद वगैरे पडली नव्हती. सदरमधल्या प्रत्येक ओळखीच्या दुकानासमोर ती थांबवून बाबांनी सगळ्यांना तिचा शेवटचा रामराम घडवला होता. याच गाडीवर माझी आई गाडी चालवायला शिकली. आमच्या गल्लीतली गाडी चालवणारी ती पहिली बाई, आणि पूर्ण शिकेपर्यंत तिने फक्त एक फाटक पाडलं. ते फाटकही आमचंच होतं.

"दिन्या, हिले पोर्चात घेजो," बाबा उतरल्या उतरल्या म्हणाले. "मे महिन्याच्या उन्हात राह्यली तं हिचा रंग जाईन."

मी हो म्हणालो. दोन गाड्यांची जागा, दोन गाड्या. हिशेब सोपा होता.

त्याच संध्याकाळी मामाजींचा फोन आला. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे पांढरी अँबॅसिडर आहे. तिच्यातून माझी बायको वर्षा जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आली आणि तिच्यातूनच लग्न होऊन आमच्या घरी आली. दोन्ही वेळा गाडी मामाजींनीच चालवली. (दुसऱ्या वेळी आत अकरा माणसं होती. नवरदेव असूनही माझ्या मांडीवर एक करवली आणि फराळाची टोपली होती.) सासूबाई गेल्यापासून मामाजी दर रविवारी दोन तास ती गाडी धुतात आणि धुता धुता तिच्याशी बोलतात. आता त्यांच्या सोसायटीने पार्किंगचं काम काढलं होतं आणि पंधरा दिवसांत गाडी हलवा म्हणून सांगितलं होतं.

"जवाईबापू, तसं अर्जंट काही नाही," मामाजी म्हणाले. "तुमच्या पोर्चात जागा असन तं ठेवू. नसन तं कबाड्याले देऊन टाकू. लोखंडच तं आहे शेवटी."

'लोखंडच तं आहे' म्हणताना त्यांचा आवाज बसला. फोन स्पीकरवर होता आणि वर्षा शेजारी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि ताबडतोब हो म्हणालो.

म्हणजे एकाच दिवसात एकच जागा मी दोघांना देऊन बसलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. एका वेळी एका जागी दोन वस्तू राहू शकत नाहीत, हे मी पोरांना दरवर्षी जूनमध्ये सांगतो!

आता हे दोघं कसे वागतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाईचा मान म्हणजे मान. बाबा आणि मामाजी एकमेकांना दारातून आत जाऊ देताना इतका वेळ घेतात की तेवढ्यात चहा निवतो. "तुम्ही चला इवाईबुवा." "छे छे, तुम्ही आधी." एकमेकांना उणा शब्द म्हणून बोलणार नाहीत. तो माझ्याशी बोलतात.

अँबॅसिडर आली, पद्मिनीशेजारी अंगणात उभी राहिली आणि दोघं गाड्यांभोवती फिरले.

"काय गाडी आहे इवाईबुवा! हत्ती आहे हत्ती," बाबा म्हणाले.

"तुमची हरिण आहे," मामाजी म्हणाले. "वळते कशी, पाहातच राहावं."

पाच मिनिटांनी बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "हत्ती पाह्यला का? वळवाले मैदान लागते! दिन्या, ते चांगले मानूस आहेत म्हणून मी बोलून नाही राह्यलो. पण पोर्चात कोन राहीन हे तुले कळत असनच."

दहा मिनिटांनी मामाजी मला नळापाशी भेटले. "हरिण चांगलंच आहे जवाईबापू. पण हरणाले चार माणसं बसवून पाहा बरं. तुम्ही शिकलेले. तुम्हीच ठरवा."

रात्री बाबा जेवले नाहीत. मामाजींनी घरी जाऊन फोन केला नाही, जो ते रोज करतात. वर्षा म्हणाली, "माझ्या वडिलांची गाडी भंगारात गेली तर मी काही बोलणार नाही." एकवीस वर्षांच्या संसारात मला या वाक्याचा अर्थ कळतो. मी शास्त्राकडे वळलो.

"तुलनात्मक परीक्षण करू," मी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. "कागदावर आणि रस्त्यावर. जी गाडी सरस, ती पोर्चमध्ये. भावना बाजूला." माझा निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून मी दोघांसमोर एका कबाडीवाल्याला फोन करून ठेवला, की बाबा रे, एक जुनी गाडी न्यायची आहे, येऊन जा. त्याक्षणी दोघांचेही चेहरे असे उतरले, की मला माझीच लाज वाटली. पण निःपक्षपाती माणसाला एवढं सोसावंच लागतं.

मी वहीत तक्ता आखला. इंजिन: अँबॅसिडर चौदाशे एकोणनव्वद सीसी, पद्मिनी एक हजार एकोणनव्वद सीसी. फरक बरोबर चारशेचा. वजन: अँबॅसिडर पद्मिनीहून दोन-अडीचशे किलोने भारी. गिअर: दोन्हींचे चार, दोन्हींचा दांडा स्टिअरिंगपाशी. ताकद: अँबॅसिडर साधारण पन्नास घोडे, पद्मिनी चाळीस.

"चाळीस घोडे का कमी असते का गा?" बाबा म्हणाले. "आमच्या अख्ख्या खापा गावात दोन होते!"

"बरोबर आहे," मामाजी घाईने म्हणाले. "माझे पन्नास आहेत, पण म्हातारे आहेत. तुमचे चाळीस तरणे आहेत." आणि मग मला बाजूला घेऊन, "चाळीस! पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल बरा याच्यापेक्षा!"

आई हे सगळं दारातून ऐकत होती. "पोरीले पाहाले आल्यासारखे करून राह्यले दोघं," ती वर्षाला म्हणाली. "उंची विचारली, वजन विचारलं. आता चालून दाखव म्हनतीन."

तसंच झालं. रविवारी रस्त्यावरची परीक्षा ठरली. बेसाहून खापा, म्हणजे बाबांचं गाव, पन्नासेक किलोमीटर. माझी पद्धत चोख होती. दोन्ही गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या, प्रत्येकीत मोजून पाच लिटर पेट्रोल टाकायचं, आणि जी जिथे बंद पडेल तिथवरचे किलोमीटर लिहायचे. माझ्या अंदाजाने अँबॅसिडर खाप्याच्या आसपास थांबणार होती आणि पद्मिनी परतीच्या वाटेवर कुठेतरी. पंच म्हणून मी माझ्या गाडीतून मागे राहणार. माझ्या डिक्कीत पाच-पाच लिटरचे दोन भरलेले कॅन, जी बंद पडेल तिला घरी आणायला. या सगळ्या मोजामापीसाठी मी सकाळपासून पंपावर तीन चकरा मारल्या. माझ्या स्वतःच्या गाडीचा काटा खाली आला होता, पण डिक्कीत दहा लिटर असताना कशाला घाई करायची?

बाबांच्या शेजारी आई बसली. मामाजींच्या शेजारी वर्षा. मी एकटा, वहीसह.

सावनेरच्या रस्त्याला लागल्यावर वेगाची चाचणी होती. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दोन किलोमीटर, आधी पोचेल ती पुढे. मी खिडकीतून रुमाल हलवला. दोन्ही गाड्या निघाल्या. आणि लगेच हळू झाल्या!

झालं असं, की मुलीच्या बापाने मुलाच्या बापाच्या पुढे गाडी काढायची नाही, हा मामाजींचा आयुष्यभराचा नियम. आणि आपल्या गावाच्या रस्त्यावर पाहुण्याला मागे टाकून पुढे जायचं नाही, हा बाबांचा. अँबॅसिडर जरा पुढे सरकली की मामाजी दचकून ब्रेक मारायचे. पद्मिनी पुढे गेली की बाबा थांबून खिडकीतून हात करायचे, "या, या इवाईबुवा!" शेवटी दोघं शेजारी-शेजारी, ताशी अठराच्या वेगाने, एकमेकांकडे पाहून हसत चालले. पूर्ण रस्ता भरला. मागून आलेल्या एसटीने भोंगा वाजवून वाजवून आमच्या सात पिढ्या जाग्या केल्या. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. मग सायकलवरचा दूधवाला मागे टाकून गेला, आणि जाताना त्याने माझ्याकडे वळून सहानुभूतीने पाहिलं. मी वहीत लिहिलं: 'वेग: इवाईच्या वेगाएवढा.'

खाप्याला पोचेपर्यंत साडेबारा वाजले. आत्याकडे जेवण होतं. पाटोडीचा झणझणीत रस्सा आणि वडाभात. अँबॅसिडर अजून बंद पडली नव्हती, पण आता पडेलच, या हिशेबाने मी निश्चिंत जेवलो आणि ओसरीतल्या खाटेवर आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच बाबा आले.

"दिन्या, तुह्या गाडीची चाबी दे. चष्मा राह्यला तिच्यात."

मी चावी दिली. चष्मा बाबांच्या डोळ्यांवर होता. मला तो दिसलाही. पण वडाभात पोटात असताना नागपूरकडच्या माणसाच्या बुद्धीकडून फार अपेक्षा करू नये.

अर्ध्या तासाने मामाजी आले. "जवाईबापू, चाबी द्या बरं. टोपी राहिली माझी."

मामाजी माझ्या गाडीत बसलेच नव्हते! हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, "चावी खुंटीला आहे," आणि कूस बदलली.

चार वाजता परत निघालो. आणि चमत्कार सुरू झाला. अँबॅसिडर चालतच राहिली. पंचावन्न किलोमीटर झाले, साठ झाले, पासष्ट झाले. पद्मिनीही तशीच. पाच लिटरमध्ये पासष्ट! मी गाडी चालवता चालवता उत्तेजित झालो. ही काय भानगड आहे? मी कारणं शोधायला लागलो. उन्हाने हवा विरळ झाली असेल. जुनं लोखंड तापून घर्षण कमी झालं असेल. अठराच्या वेगात काहीतरी गूढ असेल! स्टाफरूममध्ये हे कसं सांगायचं, त्याची पहिली चार वाक्यंही मी मनात तयार केली. माझ्या समोरच्या पडद्यावर केव्हाचा पेट्रोल पंपाचा पिवळा दिवा लागला होता आणि गाडी टुंग टुंग करत होती. मी तिला "थांब गं" म्हणालो. मोठ्या शोधाच्या वेळी माणूस अशा किरकोळ गोष्टींकडे पाहत नसतो.

बहात्तराव्या किलोमीटरला एक गाडी बंद पडली. माझी.

पुढच्या दोन्ही गाड्या थांबल्या. (एकाच वेळी. कोणी आधी थांबायचं, यावर थोडे हातवारे झाले.) चौघं चालत माझ्यापर्यंत आले.

"काय झालं जवाईबापू?"

"काही नाही, पेट्रोल संपलं. डिक्कीत कॅन आहेत ना," मी ऐटीत म्हणालो आणि डिक्की उघडली. दोन्ही कॅन जागेवर होते. झाकणं घट्ट होती. आत टिपूस नव्हता.

मी एक कॅन उलटा केला. मग दुसरा केला. बाबा आभाळाकडे पाहायला लागले. मामाजींना रस्त्यावरच्या खडीत फार रस निर्माण झाला.

"बाबा," मी म्हणालो, "चष्मा सापडला होता का?"

"हे पाह्य," बाबा एकदम उसळून म्हणाले, "इवाई माह्या गावाहून निघून राह्यले होते. तुह्याच हिशेबानं त्यांची गाडी खाप्याच्या वेशीवर बंद पडनार होती. माह्या गावच्या वेशीवर! लोकं काय म्हनतीन? खाप्याच्या मानसानं इवाईले रिकामं धाडलं? टाकला एक कॅन त्यांच्या गाडीत. काय पाप केलं?"

"अहो पण मग तुम्ही हरला असता!"

"हरलो असतो तं हरलो असतो."

 मामाजी हळूच म्हणाले, "दुसरा कॅन मी तुमच्या गाडीत टाकला. विहीणबाई आत बसलेल्या. त्या रस्त्यात उन्हात उभ्या राहतीन आणि मी त्यांच्यासमोरून भुर्रकन निघून जाईन? माझ्या पोरीले ज्या घरी दिलं, त्या घरच्या माणसाले?"

दोघांचे डोळे भरले. बाबांनी मामाजींचे दोन्ही हात धरले. मलाही गलबलून आलं, हे कबूल करतो. माझे दोन कॅन गेले होते तरीसुद्धा.

पण भानगड इथे संपली नाही, उलट वाढली! आता दोघं उलट्या बाजूने भांडायला लागले.

"पोर्चात तुमचीच राहीन इवाईबुवा. माही देतो मी कबाड्याले."

"बिलकुल नाही. माझी जाईन. उद्याच जाईन."

"माही आजच जाईन!"

"जवाईबापू, काढा फोन!"

मी रस्त्याच्या मधोमध उभा. दोन दिवसांपूर्वी दोघांपैकी एक गाडी वाचणार होती. आता मानपानात दोन्ही भंगारात चालल्या होत्या! आणि 'मी काही बोलणार नाही' म्हणणारी वर्षा माझ्याकडेच पाहत होती.

"आधी माझी गाडी सुरू करू," मी विषय बदलला. बाबांच्या डिक्कीत रबरी नळी होती. अँबॅसिडरच्या टाकीतून थोडं पेट्रोल काढून घेऊ, असं ठरलं. सायफन! हा तर माझाच प्रांत. मी सगळ्यांना दोन मिनिटं वातावरणाचा दाब समजावून सांगितला, नळीचं एक टोक टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरलं आणि जोराने ओढलं.

पेट्रोलची चव कशी असते, हे पुस्तकात दिलेलं नाही. मी देऊ शकतो. मी शेजारच्या शेतातल्या पंपावर दहा मिनिटं चुळा भरत होतो आणि मागून आईचा आवाज येत होता, "अवं वर्षा, त्याच्याजवळ काडी नका पेटवू कोनी!"

नळी पुन्हा तोंडात धरायला कोणी तयार होईना, तेव्हा शेवटी अँबॅसिडरच्या डिक्कीतून जाड दोर निघाला. गाडी ओढत पेट्रोल पंपावर न्यायची. कोणी ओढायची यावर पुन्हा "तुम्ही", "छे, तुम्ही" सुरू झालं, तेव्हा आईने निकाल दिला. मानाने पद्मिनी पुढे चालेल, ताकदीने अँबॅसिडर ओढेल, आणि दिन्या मागे गप बसेल. अशी आमची वरात निघाली. पुढे चाळीस तरणे घोडे, मध्ये पन्नास म्हातारे, आणि सगळ्यात मागे दोराला बांधलेला मी, तोंडाला पेट्रोलचा वास, समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत चार वेगवेगळ्या सूचना. पंपाच्या जरा अलीकडे तोच सकाळचा दूधवाला रिकामे कॅन घेऊन समोरून आला. या वेळी तो सायकलवरून उतरला आणि आम्ही पूर्ण जाईपर्यंत उभं राहून पाहत राहिला.

घरी पोचल्यावर आईने माझी वही मागितली.

"दिन्या, तिसरा रकाना आख. आज बंद कोनती पडली?"

"माझी."

"ओढत कोनं आनली?"

"मामाजींच्या अँबॅसिडरने."

"रस्ता कोनं दाखवला?"

"बाबांच्या पद्मिनीने. पण आई, माझी गाडी काही बिघडली नाही, मीच पेट्रोल..."

"ते तं आम्हाले मालूम आहे. गाडीत दोष नाही, चालवनाऱ्यात आहे. पोर्च दोन गाड्यांचा आहे, रकाने तीन आहेत. आता बोल, फिजिक्स काय म्हनते?"

 बाबा आणि मामाजी एकमेकांकडे पाहत होते, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच आणि खरं हसू होतं. वर्षा आत गेली आणि न विचारता माझ्यासाठी चहा घेऊन आली. एकवीस वर्षांत मला त्याचाही अर्थ कळायला लागलाय. मी किल्ली घेतली आणि गाडी पोर्चमधून बाहेर काढून कडुनिंबाखाली लावली.

आता रविवारी मामाजी सकाळीच येतात. पोर्चमध्ये दोघं आपापल्या गाड्या धुतात. खरं तर दुसऱ्याची गाडी धुतात, कारण "द्या इवाईबुवा, मी करतो" हे सुरूच असतं. मामाजी आता गाडीशी कमी बोलतात, बाबांशी जास्त बोलतात. घरात शांतता आहे. माझ्या गाडीवर मात्र उन्हाळाभर ऊन, धूळ, कडुनिंबाचा फुलोरा आणि कडुनिंबावरच्या तमाम पाखरांचा आशीर्वाद आहे.

एवढ्या गडबडीत एक गोष्ट राहूनच गेली. कबाडीवाल्याला नको म्हणून सांगायचं मी विसरलो होतो. तो तीन रविवार उशिरा, पण आला. मी बनियन आणि लुंगीवर फाटकात उभा होतो. त्याने पोर्चमधल्या चकचकीत पद्मिनीकडे आणि चकचकीत अँबॅसिडरकडे पाहिलं, आदराने मान हलवली, आणि सरळ कडुनिंबाखाली गेला.

"यही है ना साहब?"

"नहीं भाई," मी म्हणालो. "वो तो नई है. देनेवाली कोई नहीं है अब."

त्याने माझ्या गाडीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग त्याने मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"कोई बात नहीं साहब," तो म्हणाला. "वैसे हम सब ले जाते हैं."

मी आत गेलो आणि दाराला आतून कडी लावून घेतली.